ऑपरेशननंतरची नळी आणि बाटली घरी कशी सांभाळायची



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आपल्या एका गटातल्या ताई लागोपाठ तीन बैठकांना आल्या नाहीत. नियमाप्रमाणे गैरहजेरीचा दंड लागला, तो वहीत लिहिला गेला. कर्जाचा हप्ताही आला नव्हता, म्हणून मी घरी गेले. सासूबाई दारातच म्हणाल्या, "ती माहेरी गेलीय." तेवढ्यात आतून खोकल्याचा आवाज आला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग त्या बाजूला झाल्या.

ताई आत बाजेवर बसल्या होत्या. उकाडा मरणाचा, आणि त्यांनी गळ्यापर्यंत चादर ओढलेली. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाले होते. उजव्या काखेखालून दोन नळ्या बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला लालसर पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली. "हे लटकवून बैठकीत कशी येऊ गं? लोक काय म्हणतील?" असं म्हणून त्या रडायला लागल्या. कॅन्सरसाठी रडल्या नाहीत, त्या बाटल्यांसाठी रडल्या.

आता त्या बऱ्या आहेत, पुढचे उपचार चालू आहेत. त्याच म्हणाल्या, "माझं नाव टाकू नको, बाकी सगळं लिही. दुसरीला तरी कळेल." म्हणून हा लेख. मी नर्स नाही, समाजकार्य शिकलेली आहे. इथे लिहिलंय ते रुग्णालयातल्या सिस्टरकडून समजून घेतलेलं आणि ताईंच्या घरी दोन आठवडे डोळ्यांनी पाहिलेलं. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

आधी ही नळी असते कशाला, ते बघू. डॉक्टर तिला ड्रेन म्हणतात. स्तन काढला, काखेतल्या गाठी काढल्या की कातडीखाली पोकळी राहते. त्या पोकळीत शरीर रक्त-पाणी सोडतं. ते आत साठून राहिलं तर कातडी खालच्या मांसाला चिकटत नाही. भिंतीला ओल असली की गिलावा धरत नाही, तसंच. मग तिथे पाण्याची सूज येते, कधी जंतू धरतात, जखम भरायला उशीर होतो. म्हणून ते पाणी बाहेर ओढून घ्यायला नळी घालतात. बाटली दाबून बंद केलेली असते, त्यामुळे ती हळूहळू फुगत जाते आणि पाणी ओढते. काही बाटल्या पेटीच्या भात्यासारख्या घड्यांच्या असतात, काही जुन्या हॉर्नच्या रबरी फुग्यासारख्या. काम एकच. बाटली दाबलेली दिसली की ती ओढतेय. पूर्ण फुगली, की ओढणं थांबलं.

सुरुवातीला पाणी लाल असतं, मग गुलाबी होतं, शेवटी फिकट पिवळं. हे चांगलं लक्षण आहे. ताईंच्या सासूबाईंना पिवळं पाणी म्हणजे पू वाटला होता आणि दोन दिवस घरात कोणी जेवलं नव्हतं. पू दाट आणि गढूळ असतो, वास येतो. हे पाणी पातळ असतं.

घरी सोडण्याआधी

ऑपरेशन झाल्यावर बऱ्याच ठिकाणी दोन-चार दिवसांत नळीसकट घरी सोडतात. त्यात चुकीचं काही नाही, घरी माणूस लवकर सावरतं. पण समजावून सांगायला हवं. ताईंना सोडताना एका सिस्टरने घाईघाईत दोन मिनिटं सांगितलं, कागद हातात दिला, आणि कागद सगळा इंग्रजीत. हे बरोबर नाही, असं माझं मत आहे. पण आपणही गप्प बसून येतो, हेही खरं.

म्हणून घरी निघायच्या आधी सिस्टरला म्हणायचं, "सिस्टर, तुमच्यासमोर मी एकदा रिकामी करून बघते." सोबत जो माणूस घरी मदत करणार आहे त्यालाही करायला लावायचं. अडलं तर फोन कोणत्या नंबरवर करायचा, आणि किती मिली झाल्यावर नळी काढायला यायचं, हे दोन्ही मराठीत लिहून घ्यायचं. गाव फार लांब असेल तर नळी निघेपर्यंत जवळ राहता येईल का, तेही विचारा. मुंबईत टाटा रुग्णालयाचे बरेच रुग्ण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहतात. अशा सोयीची माहिती रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात मिळते. तिथे बसलेली माणसं त्याचसाठी असतात, त्यांना विचारायला लाजू नका.

वही हीच खरी गोष्ट

ताई बाटली रोज रिकामी करत होत्या, त्यात चूक नव्हती. पण किती पाणी आलं ते मोजत नव्हत्या. अंदाजे बघायच्या आणि संडासात ओतून द्यायच्या. बाराव्या दिवशी नळी काढायला म्हणून गाडी करून नव्वद किलोमीटर गेल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "रोज किती मिली येतंय?" ताई म्हणाल्या, "थोडंच येतंय." डॉक्टर म्हणाले, "थोडं म्हणजे किती?" उत्तर नव्हतं. नळी लवकर काढली तर आत पाणी साठणार, त्यामुळे अंदाजावर डॉक्टर काढत नाहीत. मोजून लिहा, तीन दिवसांनी या, असं सांगून परत पाठवलं. गाडीभाडं गेलं, नवऱ्याचा रोज बुडाला, आणि तो एवढा प्रवास ताज्या जखमेवर.

साधारणपणे २४ तासांत एका नळीतून ३० मिलीपेक्षा कमी पाणी, तेही सलग दोन दिवस, असं झालं की नळी काढतात. काही डॉक्टर २० मिली धरतात. सुरुवातीच्या दिवसांत १०० मिली किंवा जास्तही येऊ शकतं, त्याला घाबरायचं नाही, ते रोज कमी होत जायला हवं. एक-दोन आठवड्यांत बहुतेकींची नळी निघते, काहींना आणखी थोडे दिवस लागतात.

मैत्रिणींनो, आपण बचत गटाच्या बायका. दहा रुपयांचा फरक पडला तर रात्री अकरापर्यंत बेरीज करणाऱ्या. आपल्याला ही वही अवघड आहे का? तारीख, वेळ, किती मिली, रंग कसा, एवढंच लिहायचं. सकाळी ७ वाजता ४० मिली, संध्याकाळी ७ वाजता ३० मिली, दिवसाची बेरीज ७०, रंग गुलाबी. दोन नळ्या असतील तर बाटल्यांवर चिकटपट्टी लावून १ आणि २ लिहायचं आणि दोघींचा हिशोब वेगळा ठेवायचा, कारण एक आधी निघू शकते आणि दुसरी नंतर. दोन्हींचं पाणी एका कपात ओतलं की हिशोब गेला.

माप बाटलीवरच्या रेघांवरून घेऊ नका. बाटली दाबलेली असताना त्या रेघा खऱ्या नसतात. मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा कप मेडिकलमध्ये मिळतो, तो याच कामाला ठेवायचा. ताईंकडे हे काम पुढे त्यांच्या मालकांनी घेतलं. ते रोज डेअरीला दूध घालतात, मापाची रेघ बघणं त्यांच्या हातचं. पहिल्या दिवशी तोंड फिरवून ओतत होते, चौथ्या दिवशी मलाच शिकवायला लागले.

रिकामी कशी करायची

दिवसातून दोन वेळा, आणि मध्येच बाटली अर्धी भरली तर तेव्हाही. पूर्ण भरायची वाट बघायची नाही. भरलेली बाटली ओढत नाही, आणि तिच्या वजनाने टाका ताणला जातो. दुखतं ते बऱ्याचदा त्या ओझ्याने.

हात साबणाने चांगले धुवायचे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालायचे, नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी हातावर चढवायची. कॅन्सर या पाण्याने कोणाला लागत नाही, हे घरातल्यांना ठणकावून सांगा. काळजी घ्यायची ती कोणाच्याही रक्ताची घेतो तेवढीच. नळीवर चिमटा असेल तर आधी तो बंद करायचा. झाकण उघडायचं, तोंडाच्या आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. पाणी कपात ओतायचं. मग बाटली सपाट जागेवर ठेवून पूर्ण दाबायची, आणि दाबलेली असतानाच झाकण घट्ट लावायचं. हात सोडल्यावर ती दाबलेलीच राहिली पाहिजे. लगेच फुगली तर कुठेतरी हवा जातेय, झाकण पुन्हा बघा. शेवटी चिमटा उघडायचा. इथेच लोक चुकतात. चिमटा बंद राहिला तर बाटली दाबलेली दिसते, आपण खूश, आणि आत पाणी साठत राहतं.

माप लिहून झालं की पाणी संडासात ओतायचं, भांडी घासायच्या मोरीत नाही. कप धुवून वेगळा ठेवायचा, परत हात धुवायचे.

कधी नळीत रक्ताचा बारीक गोळा अडकतो. त्यासाठी नळी चोळून गोळा खाली सरकवायची एक पद्धत आहे, पण ती सिस्टरने तुम्हाला करून दाखवली असेल तरच करा. त्यातही कातडीजवळची नळी एका हाताने धरूनच ठेवायची, म्हणजे ओढ टाक्यावर येत नाही. दाखवली नसेल तर हात लावू नका, फोन करा.

वावरताना, झोपताना

ताईंचा खरा त्रास इथे होता. पहिले दिवस त्यांनी बाटल्या हातात धरून काढले. संडासला जाताना हातात, पाणी पिताना मांडीवर. रात्री झोप नाही, कारण कूस बदलली की ओढ बसायची.

आमच्या शिवणकाम करणाऱ्या गटातल्या एकीने त्यावर ब्लाऊजपीसची पिशवी शिवून दिली. वीतभर रुंद, वीत आणि चार बोटं उंच, मध्ये एक शिवण टाकून दोन कप्पे, आणि वर लांब नाडा. नाडा चांगल्या बाजूच्या खांद्यावरून तिरका घ्यायचा, पिशवी ऑपरेशनच्या बाजूला कमरेशी येते. दुखऱ्या खांद्यावर वजन नको. नळीला थोडी ढील ठेवायची, पण खाली फास लटकेल इतकी नाही. दाराची कडी, बाजेचा कोपरा, लहान मूल, सगळं त्यातच अडकतं. पिशवी धुवायला दुसरी एक हवीच, सुती कापडाची. पिशवी नसेल तर बाटलीच्या वरच्या पट्टीत सेफ्टी पिन घालून ती गाऊनला किंवा परकराच्या नाडीला अडकवता येते. पिन नळीला कधीही टोचायची नाही, भोक पडलं की ओढणंच बंद.

कपडे पुढून उघडणारे. आपल्या ब्लाऊजला हूक पुढेच असतात हे बरं, पण फिटिंगचं ब्लाऊज आणि घट्ट बाही आता नको. सैल गाऊन किंवा नवऱ्याचा जुना शर्ट उत्तम. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. साडीच नेसायची असेल आणि ऑपरेशन उजवीकडचं असेल, तर पदर मागून उजव्या खांद्यावर घेतला की पिशवी त्याखाली झाकली जाते. ताई अशाच पुढे बैठकीला आल्या. ज्यांना माहीत होतं त्यांनाच कळलं.

झोपताना पाठीवर, नाहीतर चांगल्या कुशीवर. दुखऱ्या हाताखाली उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा, काखेतली ओढ कमी होते. जमिनीवरून उठताना हातावर जोर येतो, म्हणून थोडे दिवस बाज बरी. उठायचं ते चांगल्या कुशीवर वळून, चांगल्या हाताने रेटून. बाटली कमरेच्या बाजूला, जखमेपेक्षा खाली.

इथे माझी एक चूक सांगते. नातवंडं हात लावतात म्हणून मीच ताईंना म्हटलं होतं, रात्री पिशवी खुंटीला अडकवा. मला वाटलं मी फार हुशारी केली. रात्री ताई वळल्या, खुंटीवरून नळी ताणली गेली आणि टाक्यातून कळ गेली. शिवाय बाटली वर असली की पाणी नीट खाली येत नाही. दुसऱ्या दिवशी सिस्टरने फोनवर मला चांगलंच ऐकवलं. नशीब, टाका शाबूत होता. त्या दिवसापासून नातवंडं दुसऱ्या खोलीत आणि पिशवी ताईंच्या कमरेशी.

आंघोळ नळी निघेपर्यंत बहुतेक डॉक्टर खांद्यावरून करू देत नाहीत. स्टुलावर बसून कमरेखाली पाणी घ्यायचं, वरचं अंग ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं. पट्टी भिजली तर ओलीच ठेवू नका, बदलून घ्या. केस जावेने किंवा मुलीने धुवून द्यावेत.

गाडीत बसताना ऑपरेशनची बाजू खिडकीकडे ठेवा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का बसत नाही. मोटरसायकलवर मागे बसून खड्ड्यांतून जाणं शक्यतो टाळाच.

हात आणि काम

हात अजिबात हलवायचा नाही, असं काही घरांत सांगतात. त्याने खांदा आखडतो. मूठ उघडणं-मिटणं, कोपर वाकवणं, मनगट फिरवणं, वेणी घालायला हात हळू नेणं, हे डॉक्टर सांगतील तसं चालू ठेवायचं. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. दुसरं टोक म्हणजे चौथ्या दिवशी हंडा उचलणं. हंडा, दळणाचा डबा, कडेवरचं मूल, पिळायची गोधडी, काही नको. हात जास्त राबला की बाटलीतलं पाणीही वाढतं. चुलीपुढे वाकून भाकरी थापणंही राहू द्या.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर दंडाची आतली बाजू बधिर वाटते. तिथली नस ऑपरेशनमध्ये दुखावली जाते, त्यामुळे असं होतं. लकवा वगैरे नाही. त्या हाताला सुई टोचू देऊ नका, बीपीचा पट्टा दुसऱ्या हाताला लावायला सांगा.

आणि खाणं. डाळ खाल्ली की पू होतो, अंडं बाधतं, केळं थंड पडतं, हे ताईंच्या घरातही निघालंच. जखम भरायला प्रथिनंच लागतात. डाळ, अंडी, दूध, मटकी, शेंगदाणे, मासे, जे घरात चालतं ते खा. डॉक्टरांनी साखर किंवा किडनीसाठी पथ्य दिलं असेल तेवढंच पाळा. नळीच्या भोकावर हळद, राख, तेल, कोणाचा लेप, काहीही लावायचं नाही.

थांबायचं नाही अशा वेळा

बाटली एकाएकी लालभडक ताज्या रक्ताने भरायला लागली, ताप १००.४ च्या वर गेला किंवा थंडी वाजली, नळीभोवतीची कातडी लाल, गरम झाली, पाण्याला वास आला किंवा ते गढूळ झालं, तर त्याच दिवशी रुग्णालयात फोन करा. काल ६० मिली आणि आज एकदम काहीच नाही, आणि छातीला किंवा काखेत सूज, तर आनंद मानू नका, नळी तुंबली असेल. बाटली दाबून दाबून पुन्हा फुगत असेल तरी फोन करा. रक्त थांबत नसेल, दम लागत असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन.

नळी निसटून बाहेर आलीच, तर परत आत सारायची नाही. स्वच्छ गॉज किंवा धुतलेलं सुती कापड दाबून धरायचं आणि निघायचं. नळी सोबत घ्यायची, डॉक्टरांना दाखवायला.

नळी काढणं म्हणजे दुसरं ऑपरेशन नाही. टाका कापतात, मोठा श्वास घ्यायला सांगतात आणि ओढून घेतात. काही क्षणांचं काम, ओढल्यासारखं वाटतं. ताई दुसऱ्या फेरीत वही घेऊन गेल्या. एका नळीचे सलग दोन दिवस २२ आणि १८ मिली होते, ती निघाली. दुसरीची बेरीज ४५ होती, ती आणखी चार दिवस राहिली. भोकातून एक-दोन दिवस थोडं पाणी पाझरतं, पट्टी ठेवायची. नंतर काखेत पाण्याची पिशवी हलल्यासारखी वाटली तर डॉक्टरांना दाखवा, ते सुईने काढून टाकतात. घरी कोणी टोचायचं नाही.

ताईंच्या गटाने पुढच्या बैठकीत दंड रद्द केला आणि हप्ता दोन महिने पुढे ढकलला, तसा ठराव वहीत आहे. पाणी भरायच्या पाळ्या शेजारच्या तिघींनी लावून घेतल्या. सासूबाई मात्र अजून मला बघितलं की पदर तोंडाला लावून हसतात.

शिवणकाम गटाने दोन कप्प्यांच्या सहा पिशव्या शिवून महासंघाच्या कार्यालयात ठेवल्या आहेत, सोबत एकेक माप-कप आणि रकाने आखलेली वही. तुमच्या गटात, भावकीत कोणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल तर आपल्या सीआरपी ताईकडे निरोप द्या. पैसे नाहीत. नळी निघाली की पिशवी गरम पाण्यात धुवून, उन्हात वाळवून परत आणून द्यायची, एवढंच.